गुरुवारी सहा तास वीज नाही, वरच्या मजल्यावरचं घर आणि घरात वयस्कर माणसं: काय करता येईल?

धायरीकर_४०४:
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या धायरीत चार मजली इमारतीत सगळ्यात वरचा दोन बीएचके फ्लॅट आहे. डोक्यावर उघडी गच्ची. हॉल आणि बाल्कनी पश्चिमेला, एक बेडरूम उत्तरेला, स्वयंपाकघर पूर्वेला. एप्रिल-मेमध्ये देखभालीच्या गुरुवारी सकाळी दहा ते चार वीज बंद असते, शिवाय वळीव आला की संध्याकाळी कधीही जाते. घरात सासू-सासरे, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास. सासऱ्यांना रक्तदाब आणि मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. लिफ्टला जनरेटर नाही.

विचारायचं असं: इन्व्हर्टर घ्यायचाय, १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी पुरेल का आणि त्यावर कूलर चालेल का? वीज नसताना खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? (घरात यावरून दोन तट पडलेत.) ओले पडदे, पंख्यापुढे बर्फाची बाटली, गच्चीला चुना, यातलं खरोखर उपयोगी काय आणि व्हॉट्सॲपवरचं काय?

दगडी_वाडा:
खिडक्यांपासून सुरुवात करतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि चूक तिथेच जास्त होते.

नियम एकच: बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा थंड असेल तर उघडा, गरम असेल तर बंद करा. अंदाजाने ठरवू नका. दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणा, एक हॉलमध्ये आणि एक उत्तरेच्या खिडकीबाहेर सावलीत. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे दुपारी ३८-४० अंश असलं तरी पहाटे पारा २२-२४ पर्यंत उतरतो, आणि हा फरक हेच आपलं भांडवल. साधारण रात्री आठ ते सकाळी आठ सगळं सताड उघडं, आतली दारंसुद्धा, म्हणजे हवा आरपार जाईल. नऊच्या सुमारास बाहेरचा आकडा आतल्याला गाठतो; तेव्हा बंद करायचं आणि संध्याकाळी पुन्हा आकडे उलटेपर्यंत उघडायचं नाही. पंखा बंद असताना अगदी कोंडल्यासारखं वाटत असेल तर उत्तरेची आणि स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं सरकवून ठेवा, पश्चिमेची नको.

आता तुमच्या घरातले दोन्ही तट बरोबर कसे, ते सांगतो. तुमच्याकडे वीज दोन प्रकारे जाते. गुरुवारी दुपारी बाहेर कोरडी आग असते, तेव्हा ‘बंद ठेवा’वाले जिंकतात. वळवाने झाड तारेवर पडून वीज जाते, तेव्हा बाहेरचं तापमान अर्ध्या तासात आठ-दहा अंशांनी घसरू शकतं, आणि दिवसभर तापलेलं घर मात्र तसंच असतं. तेव्हा पाऊस आत येणार नाही अशी प्रत्येक खिडकी लगेच उघडायची. त्या वेळी घर बंद ठेवून इन्व्हर्टरवर पंखा फिरवणं म्हणजे गरम हवाच ढवळणं.

ऊन कुठून येतं हेही बघा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तोच. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला छज्जा पुरतो. मार बसतो तो गच्चीला आणि दुपारी दोननंतर पश्चिमेला. चार बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या काचेतून दुपारी चारच्या सुमारास ६००-७०० वॉट उष्णता आत येऊ शकते, म्हणजे हॉलमध्ये एक छोटी इस्त्री चालू ठेवल्यासारखं. आतला पडदा कितीही जाड घेतला तरी ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेबाहेर अडवायला हवं. बाल्कनीच्या तुळईला बाहेरच्या अंगाने बांबूची चिक किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट टांगा, काचेपासून निदान अर्धा फूट लांब. चिक बुरुड आळीत मापाने करून मिळते. खालच्या दोन्ही टोकांना दोरी हवीच, नाहीतर पहिल्याच वळवात ती शेजारच्या बाल्कनीत.

स्लॅबचं वेगळं. पाच इंची स्लॅब आणि वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर दुपारी एकचं ऊन छतातून आत झिरपायला तीन-चार तास लागतात, कधी जास्तच. म्हणून छत खालून सगळ्यात गरम लागतं ते संध्याकाळी पाच ते आठ. वीज चारला आली तरी घर तापतच राहतं, ते यामुळे. छताचा पंखा त्या छतालगतची गरम हवा खाली ढकलतो. संध्याकाळी टेबलफॅन किंवा पेडेस्टल फॅन जास्त सुखाचा.

बारा_व्होल्ट:
इन्व्हर्टरचा हिशोब.

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते, त्यामुळे हातात ११०० धरा. इन्व्हर्टर स्वतः १५ वॉट खातो.

जुने सीलिंग फॅन ७५ वॉटचे. दोन पंखे, ९ वॉटचे दोन दिवे, राउटर १० वॉट, इन्व्हर्टर स्वतः: मिळून १९५ वॉटच्या आसपास. साडेपाच तास. म्हणजे तुमचा गुरुवार अगदी काठावर, आणि तोही बॅटरी नवी असताना. तिसऱ्या वर्षी तीच बॅटरी पाऊण क्षमतेवर आलेली असते.

तेच दोन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) केले तर पूर्ण वेगाला ३० वॉट प्रत्येकी. एकूण १०३ वॉट, दहा तासांच्या वर. तेव्हा आधी पंखे बदला, मग बॅटरीचा आकार ठरवा. दुकानदार उलट सांगेल, त्याला बॅटरी विकायची आहे. एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा: बीएलडीसी पंख्याच्या लाइनवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडायचं. रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंखा अडखळतो, रिमोट ऐकत नाही, कधी आतला बोर्ड उडतो, आणि मग वॉरंटीवाले हात वर करतात.

कूलर: ३०-४० लिटरचा छोटा कूलर पंप धरून १२०-१८० वॉट घेतो. एकटा चालवला तर सहा-सात तास. दोन जुने पंखे आणि कूलर एकत्र चालवले तर तीन तासांत खेळ खलास. इथे साधा भागाकार जमत नाही, कारण करंट जास्त ओढला की लेड-ॲसिड बॅटरीची क्षमताच कमी भरते. लेबलवरचे १५० एएच २० तासांत सावकाश रिकामी केल्यावरचे असतात (सी-२०), काही बॅटऱ्यांवर सी-१० लिहिलेलं असतं, तो आकडा जास्त प्रामाणिक. खरेदी करताना एवढं वाचाच.

साइन वेव्हचाच घ्या, ९०० ते ११०० व्हीए. स्क्वेअर वेव्ह स्वस्त पडतो, पण त्यावर साधे पंखे घुमतात आणि कूलरची मोटर तापते. एसी, गीझर, मिक्सर यांचा विचारही नको.

जिथे लोक हमखास चुकतात ते: बॅटरी पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवतात. उन्हात तापलेल्या बॅटरीचं आयुष्य भराभर घटतं. ती सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. बेडरूममध्ये नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी पाण्याचे फ्लोट बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आरओचं चालत नाही. भरायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, आधी भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू येतं. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

वायरिंगमध्ये एकच खाचखळगा: इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल घरातल्या बाकी न्यूट्रलशी पुढे कुठे एकत्र झाली की आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) ट्रिप होत राहतो. मिस्त्री मग आरसीसीबीच काढून टाकायला सांगतो. तसं करू देऊ नका, न्यूट्रल वेगळी ओढून घ्या. आणि इन्व्हर्टरची पिन भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी घालून घरभर वीज फिरवणारे महाभाग असतात. ती वीज मीटरमधून मागे लाइनवर जाऊ शकते आणि खांबावर माणूस काम करत असतो.

रिकामी बॅटरी भरायला १०-१२ तास. गुरुवारच्या दुपारनंतर त्याच संध्याकाळी वळवाने वीज गेली तर बॅटरी अर्धीच असेल, हे गृहीत धरा. पैसे असतील तर लिथियम (एलएफपी) १२.८ व्होल्ट १०० एएच बघा, जवळपास तेवढीच वीज हातात येते, पाच-सहा तासांत भरते, पाणी घालणं नाही. फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते आधी पाहा.

वाळ्याची_ताटी:
ओल्या पडद्याला हसू नका, पण तो कुठे लावायचा ते कळलं पाहिजे.

एक लिटर पाणी सुकताना हवेतून सुमारे ०.६७ युनिट उष्णता काढून घेतं. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ०.१३ युनिट. म्हणजे पंख्यापुढची बाटली एक लिटर सुकलेल्या पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढंही काम करत नाही. शिवाय ती बाटली गोठवताना फ्रिजने आपल्या पाठीमागून तेवढीच, उलट जास्त, उष्णता तुमच्याच स्वयंपाकघरात सोडलेली असते. बर्फ अंगाला लावायला ठेवा, खोली थंड करायला नाही.

आता पडदा. ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रता, ही पुण्याची नेहमीची मे महिन्यातली दुपार. अशा हवेत ओली वस्तू जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरू शकते. माठातलं पाणी गार लागतं ते याच कारणाने. माठही बंद कोपऱ्यात न ठेवता वाऱ्यात ठेवायचा. पण जूनच्या तोंडाला ३५ अंश आणि ५५ टक्के झालं की तीच मर्यादा साडेसत्तावीसवर येते. तेव्हा ओला पडदा फक्त चिकचिक वाढवतो. म्हणून होळीनंतर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो चालतो, वळीव लागले की काढून वाळवून ठेवा.

दुसरी अट वाऱ्याची. पडद्यातून वारा आत आला पाहिजे आणि दुसरीकडून बाहेर गेला पाहिजे. खोली बंद करून दोरीवर ओली चादर टाकली तर पहिली वीस मिनिटं बरं वाटतं, मग हवा दमट होऊन बसते. तुमच्या घरात जागा म्हणजे उत्तरेची बेडरूम. खिडकीला वाळ्याची ताटी किंवा जाड सुती पडदा, खाली पत्र्याचं पसरट भांडं किंवा ट्रे, आणि स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी. वर दगडी_वाडा यांनी ‘बंद ठेवा’ म्हटलंय, त्याला हा एक अपवाद: ओल्या ताटीतून येणारी हवा चालेल, कोरडी नको. वारा पडलेला असेल तर ताटीसमोर आतल्या बाजूला छोटा डीसी (बॅटरीवर चालणारा) पंखा, तोंड खोलीकडे.

पाणी तासाला दोन लिटर धरा, सहा तासांचे बारा. आरओचं सोडलेलं पाणी वापरायला हरकत नाही, पण ताटीवर क्षार साचून ती ताठ होते, पंधरवड्याला एकदा साध्या पाण्यात बुचकळून काढा. रोज पूर्ण वाळू द्या, नाहीतर बुरशीचा वास येतो आणि ‘वाळ्याचा सुगंध’ वगैरे सगळं संपतं.

धायरीकर_४०४:
एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पंखे आधी बदलतो. गच्चीचं राहिलं: सोसायटीची परवानगी मिळेल असं दिसतंय. चुना की बाजारातला पांढरा कूल रूफ रंग? आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं तर?

गच्चीवर_पांढरा:
रंग महाग पण तीन-चार पावसाळे टिकतो; चुना स्वस्त, पण दरवर्षी लावावा लागतो. या वर्षीपुरता आणि एकट्याच्या छतावर करायचं असेल तर चुना.

पोत्यातला विझवलेला चुना घ्या. कळीचा चुना घरी विझवायच्या फंदात पडू नका, पाणी पडताच उकळतो, डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते आणि प्लास्टिकची बादली वितळते ते वेगळंच. १० किलो चुना, १८ ते २० लिटर पाणी, रात्रभर भिजत. सकाळी फडक्यातून गाळा, त्यात पाव किलो पांढरा गोंद (लाकडाला लावतात तो) गरम पाण्यात पातळ करून मिसळा. एवढ्यात साधारण ३०० चौरस फुटांवर तीन पातळ हात बसतात, कोबा फार खरबरीत असेल तर दोनच. गोंद विसरलात तर हात लावला की पांढरा होतो आणि पहिल्या वाऱ्याला खालच्यांच्या कपड्यांवर जातो.

आधी गच्ची झाडून, शेवाळ तारेच्या ब्रशने काढून, हलकी ओली करून घ्या. कोरड्या तापलेल्या कोब्यावर चुना लावला तर पाणी लगेच शोषलं जातं आणि तो पापुद्रे धरतो. म्हणून सकाळी सहा ते नऊ. दोन हातांमध्ये निदान चार-पाच तास. हातमोजे, चष्मा. पावसाळी पाइपांच्या तोंडाला काम चालू असताना बोळे लावा आणि नंतर आठवणीने काढा, नाहीतर पहिल्या वळवात गच्चीचं तळं होऊन पाणी तुमच्याच छतातून खाली.

फायदा: उघड्या कोब्याचा पृष्ठभाग भर दुपारी ६० अंशांच्या आसपास जातो, पांढरा केल्यावर तो १५-२० अंशांनी खाली राहतो. खोलीच्या हवेत फरक दोन ते चार अंशांचा. कमी वाटेल, पण तो वीज असो-नसो मिळतो, आणि संध्याकाळी छताचा ताव लक्षात येण्याइतका उतरतो. धूळ बसली की परिणाम घटतो, महिन्यातून एकदा झाडू फिरवा. ओला चुना घसरडा असतो, वाळवणं घालायला येणाऱ्या काकूंना आधी सांगून ठेवा.

पाणी मारायचं तर सूर्य कलल्यावर, आणि सांडून वाहील इतकं नाही. चौरस मीटरला एक लिटर पुरे. गोणपाट अंथरून भिजवलं तर तेच पाणी जास्त वेळ काम करतं. पण मे महिन्यात पाणीकपातीच्या दिवसांत टँकरचं पाणी गच्चीवर ओतणं मला तरी पटत नाही. चुना केलात तर त्याची फार गरजही उरत नाही.

शेडनेट गच्चीवर टाकायची असेल तर जमिनीपासून दीड फूट वर, खालून वारा गेला पाहिजे. कोब्यावर नुसती अंथरलेली हिरवी जाळी स्वतः तापते.

ओसरी:
सगळ्यांनी घराचं सांगितलं, आता माणसांचं.

ज्येष्ठांना तहान उशिरा कळते आणि घाम कमी येतो. हवा ३५ अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगाला गरम वारा लावतो, अंग ओलं असेल तरच तो गार करतो. ४० अंशांच्या वर तर पंख्यावर विसंबूच नये. सुती पंचा भिजवून, पिळून मानेवर, हातांवर, पोटऱ्यांवर ठेवायचा आणि सुकला की पुन्हा. स्प्रेची बाटलीही चालते. विंझणा असेल तर वीज नसली तरी काम होतं. फोमची गादी काढा. बाज किंवा नवारीची खाट असेल तर उत्तम, खालूनही हवा लागते. फरशीवर झोपणं गार असतं, पण पंचाहत्तरीत उठताना तोल जातो.

प्यायला: साधं पाणी, पातळ ताक. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, त्यामुळे पन्हं, कोकम सरबत, ओआरएस सारखं-सारखं देऊ नका, साखर आणि मीठ दोन्ही जातं. ‘पाण्याची गोळी’ म्हणजे लघवी वाढवणारं औषध चालू असेल, किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर उन्हाळ्यात किती प्यायचं हे एप्रिलच्या आधीच विचारून घ्या. गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

इन्सुलिन: वापरात असलेली कुपी किंवा पेन ३० अंशांच्या खाली बहुतेक वेळा चार आठवडे चालतं, डबीवरचा कागद वाचा. न उघडलेला साठा फ्रिजमध्ये. वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो. सहा तासांसाठी बुधवारी रात्री फ्रीजरमध्ये दोन बाटल्या गोठवून गुरुवारी दहाला खालच्या कप्प्यात सरकवा. इन्सुलिनला बर्फ टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. बाहेरच्या कुपीला पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून छोट्या माठात ठेवलं तरी भागतं.

सगळ्यात गुणकारी उपाय मात्र जागा बदलणं. तळमजल्याचं घर वरच्या मजल्यापेक्षा दुपारी सहज तीन-चार अंशांनी गार असतं. खाली ओळखीचं घर असेल तर दोघांना साडेनऊलाच, लिफ्ट चालू असताना, खाली न्या आणि वीज आल्यावरच वर आणा. दुपारी दोनला जीव घाबरला म्हणून चार मजले उतरवणं हीच खरी जोखीम.

बोलणं असंबद्ध होणं, झोपाळूपणा, अंग तापून कोरडं पडणं, ताप १०४ फॅरनहाइटच्या वर: हा उष्माघात. १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत अंगावर सतत पाणी आणि वारा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

बुधवारची_रात्र:
थोडं सटरफटर. महावितरणकडे तुमच्या ग्राहक क्रमांकाला चालू मोबाइल नंबर जोडलेला असेल तर नियोजित बंदचा एसएमएस येतो. जोडलेला नसेल तर आधी ते करा. अचानक गेली तर १९१२. त्याआधी घरातला एमसीबी आणि जिन्यातला मुख्य स्विच बघा, शेजारी दिवा आहे का ते पाहा, कारण फोनवर तेच विचारतात.

गुरुवारी पाण्याचाही बंद असला तर दुहेरी पंचाईत: टाकीत पाणी असलं तरी पंप नसल्यामुळे वर चढत नाही. बुधवारी रात्रीच बादल्या, माठ आणि ताटीचे बारा लिटर भरून ठेवा. स्वयंपाक नऊच्या आत. गॅसची एक शेगडी सुमारे दोन किलोवॉट उष्णता सोडते, दुपारचा चहा थर्मासमध्ये करून ठेवा. बॅटरीचे छोटे यूएसबी पंखे चार-पाच वॉटचे असतात, १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर एक पंखा साधारण पाच तास चालतो. इन्व्हर्टर येईपर्यंत खाटेशी एक लावून द्या, ओल्या पंचाबरोबर.